यादीतलं बारावं नाव

“आता दाखव,” माणिक म्हणाला.

मी लाकडी खोक्यावर बसलो होतो, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून. चार बोटं उचलली, टेकवली. मग तीन उचलली, टेकवली.

“त्रेचाळीस.”

“बरोबर.”

“जरा लवकर दाखव बे, वामन. डॉक्टर काही आपल्यासाठी थांबणार नाई.”

त्र्याहत्तर सालचा डिसेंबर होता. दिल्लीत करोलबागेतल्या एका गच्चीवर आम्ही दोघं भल्या सकाळी हा उद्योग करत होतो. थंडी अशी, की खोक्याचं लाकूडसुद्धा मांड्यांना चावत होतं. खाली नळावर बायकांची कचकच चालली होती. धुकं समोरच्या घरांवरून हलायला तयार नव्हतं. दहा वाजता आम्हाला वैद्यकीय तपासणीला हजर व्हायचं होतं.

माणिक लांजेवार तुमसरजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील भाताच्या गिरणीत पट्ट्यावर काम करायचे. माझे वडील नागपुरात महालातल्या शाळेत मास्तर. एरवी आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण सरकार त्या काळी फ्लाइंग क्लबांत शिकणाऱ्या पोरांच्या उड्डाणाचा बराचसा भार उचलायचं, त्यामुळे आमच्यासारखी मुलंही सोनेगावच्या विमानतळावर पोचली होती. पुष्पक नावाचं दोन माणसांचं, कापडानं मढवलेलं विमान आम्ही रोज सकाळी शेपटीला धरून हँगरातून बाहेर ढकलायचो. त्यात रेडिओ नव्हता. उतरायची परवानगी टॉवरवरून दिवा दाखवून मिळायची. हिरवा दिसला की उतरा, तांबडा दिसला की फिरत राहा. वर गेल्यावर कान असले काय नि नसले काय, सारखंच.

म्हणूनच माणिकचा डावा कान गेलाय हे कुणालाच कळलं नाही. मलाही आदल्या संध्याकाळी कळलं, तेही त्यानं सांगितलं म्हणून.

“दीड वर्ष झालं,” तो म्हणाला. “वैनगंगेत पोहलो अन् कानात पाणी गेलं. आठ दिवस ताप. कान वाहत होता. मंग वाहायचा थांबला, अन् ऐकू येणंबी थांबलं.”

“मग सहा-सहा महिन्यांनी तपासणी होते ती?”

“तिथले डॉक्टर घाईत राहतात. उजव्या कानानं दोन्हीकडचं ऐकून देल्लं.” तो हसला. “इथं नाई चालणार. इथं म्हणे एक कान बोटानं बंद करतात.”

आमच्या आधीच्या तुकडीतल्या एका मुलानं त्याला सगळं सांगितलं होतं. उमेदवारानं पाठ करून उभं राहायचं. डॉक्टर वीस फुटांवरून दोन अंकी आकडा कुजबुजतात, तो उमेदवारानं मोठ्यानं म्हणायचा. असे सहा आकडे. एखादा चुकला तर तोच पुन्हा विचारतात. पुन्हा चुकला की यंत्राच्या खोलीत पाठवतात. तिथं तुमचा कान कागदावर रेघेनं उमटतो आणि मग बोलायलाच काही उरत नाही. आणि माणिकनं नेमकं हेरलं होतं ते हे, की पुढचा उमेदवार त्याच खोलीत समोरच्या बाकावर बसवतात. बाहेरच्या व्हरांड्यात उघड्या अंगानं थंडी सोसवत नाही म्हणून.

“तू माझ्या मागचा,” तो म्हणाला. “समोरच्या बाकावर तूच असशील.”

“पकडलो गेलो तर दोघांचेही परवाने जातील.”

“हो. म्हणून तर तुलेच इचारतो. दुसऱ्या कोणाले इचारू?”

मी हो म्हणालो. हो म्हणताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. हे मी नंतर फार वेळा तपासून पाहिलं आहे. खरंच काही नव्हतं.

*

आमच्या हातात वैमानिकाचे परवाने येऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत माणिक एसटीत कंडक्टर झाला होता आणि मी शिकवण्या करत होतो. देशभर आमच्यासारखे शेकड्यांनी होते. परवाना जिवंत ठेवायचा तर सहा महिन्यांत ठरावीक तास उडायला हवं, तपासणी व्हायला हवी. नाहीतर इतक्या वर्षांचं शिक्षण कागद होऊन जातं. माणिक सुट्टीच्या दिवशी खाकी कपड्यांतच सोनेगावला यायचा, तासभर उडायचा आणि दुपारची गाडी गाठून ड्यूटीवर जायचा. बसमधल्या कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

क्लबात आमचे एक म्हातारे पारशी शिक्षक होते, कॅप्टन दस्तूर. त्रेपन्न सालाआधी ते एका खासगी कंपनीत डाकोटा विमान चालवायचे. ते म्हणायचे, “आमच्या वेळेला आठ-नऊ कंपन्या होत्या. एकीनं हाकललं तर दुसरीकडे जायचा. त्रेपन्न साली कायदा आला ने सगळ्या कंपन्या सरकारनं घेतल्या. आता दरवाजा एकच. तो उघडेल तेव्हा आत घुसायचा, नाहीतर बाहेर बसून राहायचा.”

तो दरवाजा त्र्याहत्तर साली उघडला. सहवैमानिकांच्या बारा जागा. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. नोव्हेंबरात टपालानं यादी आली. माणिक ती घेऊन थेट माझ्याकडे आला. दारातूनच ओरडला, “वामन्या, दोघंबी हाओत!”

बारावं नाव माणिक लांजेवार. त्याखाली एक रेघ होती. रेघेखाली, प्रतीक्षा यादी म्हणून, दोन नावं. पहिलं नाव वामन देशकर.

“कोणी ना कोणी गळतेच,” तो मला म्हणाला होता. “एखाद्याचा डोळा, एखाद्याचं हृदय. तू आलाच समज.”

*

त्या इमारतीला फिनाइलचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. आम्ही चौदा जण कंबरेपर्यंत उघडे, हातात आपापल्या कागदांची पिशवी धरून रांगेत बसलो होतो. डोळे झाले, रक्तदाब झाला, छातीचा फोटो झाला. एकेक जण कानाच्या खोलीतून हसत बाहेर येत होता. एकही गळला नव्हता. मी मोजत होतो असं नाही. पण दिसत होतं.

कानाचे डॉक्टर वायुदलातले विंग कमांडर होते. उंच, पिकल्या मिशांचे, बोलायला मऊ. त्यांनी माणिकला खुर्चीवर बसवून दिव्यानं आधी उजव्या कानात पाहिलं, मग डाव्या. डाव्यात बराच वेळ पाहिलं.

“कान वाहिला होता कधी?” त्यांनी हिंदीत विचारलं.

“लहानपणी, सर.”

“पडद्यावर व्रण आहे.” ते सरळ उभे राहिले. “पण भरून आलाय. ऐकू येत असेल तर माझी काही हरकत नाही.”

मी बाकावर बसून हे ऐकत होतो. माणिकनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण त्याच्या मानेवरचा ताण सैल झालेला मला दिसला.

त्याला भिंतीपाशी, माझ्याकडे तोंड करून उभं केलं. डॉक्टर त्याच्या पाठीमागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले; तिथून मी माणिकच्या आड होतो. उजव्या कानाची तपासणी पटकन झाली. साही आकडे त्यानं खणखणीत सांगितले. मग एक अर्दली त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्यानं माणिकच्या उजव्या कानात बोट दाबून धरलं. अर्दली डॉक्टरांकडे बघत होता. माझ्याकडे बघणारा त्या खोलीत एकटा माणिक होता.

“त्रेसष्ट,” डॉक्टर कुजबुजले.

मी सहा बोटं उचलली. टेकवली. तीन उचलली.

“त्रेसष्ट, सर.”

“सत्तावीस.”

“सत्तावीस, सर.”

“चाळीस.” इथं मी चार बोटं दाखवली आणि नंतर दोन्ही मुठी मिटल्या. शून्याची खूण आम्ही सकाळी तीच ठरवली होती.

“चाळीस, सर.”

माणिकचे डोळे माझ्या गुडघ्यांवरून हलत नव्हते. ते डोळे मी अजून विसरलो नाही. वर आकाशात, ढगांतून बाहेर येताना धावपट्टी शोधावी, तसे.

“अठ्ठावन्न,” डॉक्टर कुजबुजले.

खोलीत इतकी शांतता होती, की शेगडीतल्या कोळशाचा आवाज येत होता.

“सत्तावन्न, सर,” माणिक म्हणाला.

डॉक्टर थांबले. हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, “पुन्हा एकदा सांगतो. नीट ऐक.” आणि त्यांनी तोच आकडा पुन्हा कुजबुजला. आधीपेक्षा जरा मोठ्यानं. मला वाटतं, त्यांना तो पास व्हायला हवा होता.

“सत्तावन्न, सर.”

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “याला यंत्राकडे घेऊन जा.”

अर्दलीनं कानातलं बोट काढलं. माणिक जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेला. त्याचा हात गार होता.

मग माझी तपासणी झाली. माझे दोन्ही कान उत्तम निघाले.

*

तो तासाभरानं बाहेर आला. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली मी दोघांचे कोट घेऊन उभा होतो. त्यानं कोट घेतला, अंगात घातला, एकेक बटण लावलं.

“कायमचा नापास,” तो म्हणाला. “रेघ खाली गेली होती यंत्राची. पार खाली.”

मी माझा कोट अंगात घातला.

“वामन, चौथा आकडा कोणता होता बे?”

“सत्तावन्न,” मी म्हणालो. “मला तरी तसंच ऐकू आलं. फार हळू बोलत होता तो.”

माणिक थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

“हो,” तो म्हणाला. “फारच हळू बोलत होता.”

मग आम्ही चालत बसथांब्यावर गेलो. वाटेत त्यानं भाजलेले शेंगदाणे घेतले आणि अर्धे माझ्या हातावर ओतले. “तू गेला आता यादीत,” तो म्हणाला. “मी म्हटलं होतं ना, कोणी ना कोणी गळतेच.”

*

आता सांगून टाकतो. वाचणाऱ्याला कळलंच असेल.

मी सात बोटं उचलली होती. पाच बरोबर दाखवली, आणि मग आठ उचलायची त्याऐवजी सात. डाव्या हाताची पाच, उजव्याची दोन. उजवं मधलं बोट उचललं गेलं नाही. पहिल्या वेळी ते आपोआप झालं असं मी स्वतःला सांगू शकतो. बोटं थंडीनं बधिर होती, घाई होती. पण डॉक्टरांनी आकडा पुन्हा सांगितला. मला स्वच्छ ऐकू आला. आणि पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये जे चार-पाच क्षण गेले, त्यात मला रेघेखालचं माझं नाव दिसलं. मी पुन्हा सातच उचलली.

पुढची काही वर्षं मी स्वतःला एक समजूत घालत राहिलो. बहिरा वैमानिक, मागे शंभर माणसं. उद्या काही झालं असतं तर? मी जे केलं त्यात त्या शंभर माणसांचं भलंच होतं. मी हे इतक्या वेळा म्हणालो, की ते मला पाठ झालं. पुढे फार वर्षांनी एका मासिकात वाचलं, की एका कानानं कमी ऐकणाऱ्यांचीही कॉकपिटसारख्या गोंगाटात वेगळी चाचणी घेता येते. हेडफोनमधून नीट ऐकू येत असेल तर उडूही देतात. मी ते मासिक मिटून ठेवलं. माझी समजूत तेवढीही टिकली नाही.

*

जानेवारीत मला पत्र आलं. तुमची निवड झाली आहे, रुजू होण्याची तारीख नंतर कळवू. आईनं देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी शाळेत पेढे वाटले.

तारीख आली नाही. अरबांनी तेल महाग केलं होतं. वर्तमानपत्रांत रोज त्याच बातम्या. मार्च महिन्यात दुसरं पत्र आलं, चार ओळींचं. इंधनाच्या परिस्थितीमुळे सदर भरती पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित. बाराच्या बारा जण बाहेर राहिले. पहिल्या नंबरचा मुलगाही.

मी वीज मंडळात कारकून लागलो. अजूनही सुट्टीच्या दिवशी सोनेगावला जायचो, तासभर उडायचो, परवान्यावर शिक्का घ्यायचो. पुढील सूचना येईल, म्हणून. वर गेल्यावर शेजारची जागा बहुतेक रिकामी असायची.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात माणिक घरी आला. खांद्यावर पोतं. “घरचे तांदूळ हाय,” म्हणाला. आईनं त्याला जेवायला वाढलं. हात धुताना तो मला म्हणाला, “आलं का बोलावणं?”

“नाही रे.”

“येईल,” तो म्हणाला. “तेल काय जन्मभर महाग राहते?”

पुढच्या डिसेंबरात पुन्हा आला. त्याच्या पुढच्यातही. दरवर्षी भात निघालं की पोतं घेऊन यायचा, जेवायचा, आणि हात धुताना एकच विचारायचा. “आलं का बोलावणं?” माझं लग्न झालं. कुमुद, माझी बायको, त्याला माणिकभाऊजी म्हणायची. तो गेल्यावर म्हणायची, “किती जीव आहे हो त्यांचा तुमच्यावर. सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात.” मी त्या तांदळाचा भात खायचो. पण सांगायचं धाडस कधी झालं नाही. एकदा बोलणं ओठांवर आलं होतं, पण त्यानंच मध्ये विचारलं, “परवाना चालू ठेवला ना रे? सोडू नको बरं.” मी नुसता हो म्हणालो.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात पुन्हा जाहिरात आली. मी कचेरीतच वाचली, उभ्यानं. नवीन जागा, नवीन परीक्षा. जुन्या याद्या रद्द समजाव्यात. वयाची अट, एक जुलैला तीस वर्षं पूर्ण नसावीत. मला फेब्रुवारीत तीस पूर्ण झाली होती. मी अर्ज केला, विनंती केली, दिल्लीला दोन पत्रं पाठवली. उत्तर एकाचं आलं. नियमात सवलत देता येत नाही.

त्या डिसेंबरात माणिक आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो नुकताच चहा प्यायला बसला होता. कप त्यानं बशीत ठेवला.

“म्हणजे आता नाई,” तो म्हणाला.

“नाही.”

“कधीच नाई?”

“वयच गेलं माणिक. आता कोण घेणार?”

कुमुद स्वयंपाकघरातून म्हणाली, “भाऊजी, पानं घेते हं.” तो उठला. “गाडीची वेळ झाली, वहिनी,” म्हणाला आणि जेवण न करता गेला.

एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात तो आलाच नाही.

चौऱ्याण्णव साली त्रेपन्नचा कायदा रद्द झाला. खासगी कंपन्या सुरू झाल्या आणि पंचवीस-पंचवीस वर्षांची पोरं रांगेनं विमानात जाऊन बसली. वर्तमानपत्रात वैमानिक मिळत नाहीत अशी ओरड आली होती, ती वाचली. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि माझा परवाना कधीच संपला होता. पण ते पुढचं. मी सांगतोय ते ऐंशीच्या जानेवारीतलं.

*

कुमुदच म्हणाली, “आजारी असतील. जाऊन या एकदा.” रविवारी मी भंडाऱ्याला गेलो. बसस्थानकावर चौकशी केली, तर चौकीतल्या माणसानं बोट दाखवलं, “तो काय, तुमसर गाडीपाशी.”

माणिक खाकी कपड्यांत, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे घेऊन गाडीच्या पायरीशी उभा होता. थोडा जाड झाला होता. मी डाव्या बाजूनं गेलो, हाक मारली. त्याला ऐकू आलं नाही. मग मी पुढे जाऊन समोर उभा राहिलो.

“काऊन आला?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

“तू यंदा आला नाहीस.”

“नाई आलो.”

“बरा आहेस ना?”

“मले काय झालं?” त्यानं घड्याळ पाहिलं. “दहा मिनिटं हाय गाडीला. चहा पी.”

टपरीवर आम्ही दोन ग्लास घेतले. मी त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. रात्रभर बसून वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आठवेना.

“माणिक, त्या दिवशी दिल्लीला मी सात बोटं दाखवली. आठ दाखवायची होती. मला अठ्ठावन्नच ऐकू आलं होतं. दोन्ही वेळेला.”

तो चहा फुंकत राहिला.

“मले माईत हाय,” तो म्हणाला.

“काय?”

“त्याच दिवशी कळलं. यंत्राच्या खोलीत डॉक्टर आला. चांगला माणूस होता. म्हणे, बेटा, मी अठ्ठावन्न म्हटलं, तू दोनदा सत्तावन्न म्हणाला, असं कसं? ऐकू नाई येत तो काहीबी आकडा सांगते, पण एक कमी दोनदा कसा सांगते?” त्यानं ग्लास दुसऱ्या हातात घेतला. “मी काय सांगू त्याले? चूप राहिलो.”

मला फाटकाबाहेरचा तो कडुनिंब आठवला. चौथा आकडा कोणता होता, असं त्यानं विचारलं होतं. तो माहीत असून विचारत होता. मला सांगायची एक संधी देत होता, आणि मी सत्तावन्न म्हणालो होतो.

“तू मला काहीच कसं बोलला नाहीस?” मी म्हणालो. “दरवर्षी घरी येत होतास. तांदूळ आणत होतास. मला वाटलं, तुला माहीतच नाही.”

“पाहायले येत होतो.”

“काय पाहायला?”

“तुले बोलावणं आलं का ते.” तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. “दिल्लीहून परतीच्या गाडीत तू झोपला होता. मी तुयाकडे पाहून पाहून इचार केला. हाणावं वाटलं, ढकलावं वाटलं. मंग म्हटलं, जाऊ दे. माझा कान तर गेलाच हाय. हा तर उडते ना? दोघांतला एक तर वर गेला, असं म्हणू. माझी जागा कामी आली म्हणू. तेवढ्यावर मन लावलं मी. पाच वर्षं लावलं.”

तुमसरच्या गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. माणिकला तो ऐकू आला. त्यानं ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला, पिशवी सारखी केली.

“मला माफ कर,” मी म्हणालो.

“तू उडाला असता ना वामन, तर केलं असतं,” तो म्हणाला. “रोज केलं असतं. गाडीत उभा असताना वरून इमान गेलं की म्हटलं असतं, तो चालला आपला. पण तू तर इथंच हायेस. मंग तू ते कायले केलं?”

तो थोडा थांबला. खरंच उत्तराची वाट पाहत थांबला, मला वाटतं. मग गाडीकडे गेला.

“तुमसर, तुमसर! मोहाडी, तुमसर!” त्याचा आवाज मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. एका म्हातारीचं गाठोडं त्यानं वर घेतलं, तिला हाताला धरून चढवलं. दार लावलं. दोरी दोनदा ओढली. गाडी मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. मागच्या काचेतून तो तिकिटं फाडताना दिसत होता. त्यानं मान वर केली नाही.

टपरीवाला म्हणाला, “साहेब, ग्लास.” मी ग्लास दिला. नागपूरची गाडी लागायला अजून दीड तास होता.